मालक, त्या अर्ध्या तासाबद्दल

आदरणीय मालक,

सोलापुरात मालक कुणालाही म्हणतात. रिक्षावाला मालक, भाजीवाला मालक, बँकेतला शिपाईसुद्धा मालक. तुम्ही खरेखुरे मालक, आठ मागांचे, आणि तरी मी तुम्हाला त्याच सवयीने मालक म्हणत आले. नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलंय, "माझं नाव कुठं लावू नका अम्मा, लोक उद्या हातउसने मागायला येतील." मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान, पण तुमच्या तोंडी पहिल्या दिवसापासून अम्मा.

आमच्या वृंदगानाचा कार्यक्रम होऊन आज बारा दिवस झाले. हिशेब लागला, भाड्याने आणलेलं ते मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, चेलो, पुण्याला परत गेलं, माइकवाल्याचे पैसे चुकते झाले. खजिनदार म्हणून माझं काम संपलं. पण रात्रीचे साडेआठ वाजले की कान आपोआप तुमच्या भिंतीकडे लागतात आणि घरात कुणाशी धड बोलणं होत नाही. म्हणून लिहायला बसले. तुमच्या नातीने हे तुम्हाला वाचून दाखवावं. ती अडखळली तर तिला रागावू नका, माझी वाक्यं लांबतात.

आधी थोडं कडू लिहिते. ते पोटात ठेवून गोड लिहवत नाही.

आमचं वृंदगान म्हणजे काय ते तुम्हाला आता ठाऊक आहे, पण वर्षभर ते लोकांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की समोरचा विचारणार, निवेदक कोण, डान्सर आहे का, गणपतीत किती घेता? 'कॉयर' म्हटलं तर एका दुकानदाराने, शपथेवर सांगते, "काथ्याचा का?" असं विचारलं. बरोबरच आहे, कॉयर म्हटलं की माणसाला गादीच आठवणार. मग मी 'वृंदगान' म्हणायला लागले, तर लोकांना वृंदावन ऐकू यायचं आणि ते भजनी मंडळासाठी म्हणून एकशे एक रुपये काढून द्यायचे. तेही घेतले. खोटं कशाला बोलू?

अडतीस गळे आणि चौदा वाद्यं. बायकांचे दोन भाग, पुरुषांचे दोन: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. चार भागांनी एकाच वेळी चार वेगळे सूर धरायचे आणि ऐकणाऱ्याला ते मिळून एक वाटले पाहिजेत. चर्चमध्ये गात वाढलेल्या चौघीजणी सोडल्या तर हे आमच्यात कुणाच्याच अंगात नव्हतं. आपल्याकडे भजनाला पन्नास माणसं बसली तरी चाल एकच, खाली तंबोरा षड्ज-पंचम धरून बसलेला. इथे शेजारीण गांधार लावते आणि मला माझ्या षड्जावर ठाम राहायचं असतं. पहिले तीन महिने मी दर ओळीला घसरत तिच्याच सुरावर जाऊन बसायचे. ती बिचारी काही बोलायची नाही, फक्त पायाने माझा पाय दाबायची.

वाद्यांची तऱ्हा आणखी न्यारी. व्हायोलिन, बासरी, पेटी, तबला, पखवाज ही आमची घरातली माणसं. फुंकून वाजवायची वाद्यं मात्र सगळी लग्नाच्या बँडमधली. क्लॅरिनेटवाल्याने पहिल्या दिवशी सा दिला आणि सगळे चपापले. त्याचं वाद्य बी फ्लॅटचं. त्याने आपला 'सी' फुंकला की पेटीवर तो काळी पाच निघतो. तो म्हणाला, "मी बदलून वाजवतो की." आमचं गाणं बांधणाऱ्या आणि बसवणाऱ्या सरांनी त्याला थांबवलं आणि आमच्या मोठ्या रचनेचा सा सगळ्यांनाच काळी पाचवर न्यायला लावला. बासवाल्यांनी कुरकुर केली, पण नेला. लग्नसराईत सुपारी सोडून तालमीला येणारा माणूस आहे तो. इथे कुणालाच एक पैसा मिळत नाही, त्याचं तर उलट बुडतं.

गळा फुकट असतो, बाकी काहीच नसतं. सभागृहाचं भाडं, दिवे, दोन तंबोरे मिरजेला नेऊन तारा आणि जवारी करून आणणं. चाळीस तोंडांपुढे साधा माइक चालत नाही, वरून टांगायचे नाजूक माइक लागतात. चेलो गावात मिळाला नाही. सगळं मिळून एक लाख चौऱ्याऐंशी हजार. ही वही घेऊन मी दारोदार फिरले.

एका कंपनीत मला अडीच तास बसवून ठेवलं. सीएसआरचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, हे मी पाठ करून गेले होते. साहेबांनी विचारलं, "लाभार्थी किती?" मी म्हटलं, बावन्न गाणारे-वाजवणारे आणि सभागृहभर ऐकणारे. "ऐकणारे लाभार्थी धरता येत नाहीत. आधीचा आणि नंतरचा फोटो लागेल." गाण्याचा आधीचा फोटो कसा काढतात, मालक? गप्प घोळक्याचा? मी त्यांना सलील चौधरींनी १९५०च्या दशकात मुंबईत उभ्या केलेल्या यूथ कॉयरबद्दल सांगितलं, १९५८ साली कोलकात्यात सुरू झालेल्या यूथ कॉयरबद्दल सांगितलं. ते हसून म्हणाले, "ती मोठी शहरं हो. सोलापुरात हे कोण ऐकणार?"

नाही म्हणाले त्याचं मला काही वाटलं नाही. हे शेवटचं वाक्य मात्र घरी येईपर्यंत घशात अडकून होतं.

दुसरे एक गृहस्थ. आमच्या छोट्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून आले, स्टेजवर माइक हातात घेऊन एक्कावन्न हजार जाहीर केले. टाळ्या झाल्या, फोटो झाला, पेपरात आला. त्यानंतर त्यांचा फोन 'आवाक्याबाहेर' गेला तो अजून आत आलेला नाही. शाल आमची गेली, नारळही आमचाच.

तिसऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला, "८०जी आहे ना?" देणगीवर आयकरात सवलत मिळते ते कलम. आहे म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग रोख पन्नास देतो, पावती लाखाची फाडा." मी म्हटलं, "साहेब, रोखीत दोन हजारांच्या वर दिलं तर ८०जीची सवलत मिळतच नाही." आणि मिळत असती तरी मी अशी पावती फाडली नसती, हेही म्हटलं. पण ते जिना उतरताना, एकटीनेच.

नोव्हेंबर संपला तेव्हा वहीत एक्केचाळीस हजार होते. कुणीतरी सुचवलं, वाद्यं काढून टाकू, ट्रॅक लावून गाऊ. क्लॅरिनेटवाला खाली बघत आपल्या वाद्याची पेटी उघडत-मिटत बसला होता.

आणि मग डिसेंबरातली ती रात्र.

तुमच्या कारखान्याची मागची भिंत आणि समाजमंदिराचा वरचा हॉल यांच्यामध्ये हातभर बोळ आहे. आम्हाला तो हॉल मिळाला कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. मागांच्या आवाजाची आम्हाला सवय झाली होती. तबलेवाला तर म्हणायचा, लय फुकट मिळतेय, घ्या. जलद गाण्यांना खरंच काही बिघडायचं नाही. घोडं अडलं ते सिद्धरामेश्वरांच्या वचनापाशी.

गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज पाहिले नाहीत असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही. पण सिद्धराम बाराव्या शतकातले वचनकार, त्यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना, कन्नडमध्ये, ती सुरात ऐकायला आपल्यातले किती जण बसलेत? म्हणून सरांनी एक वचन चार आवाजांत बांधलं होतं. शेवटाकडे वाद्यं एकेक करून थांबत जातात, फक्त चेलो राहतो, आणि त्यांच्या वचनांत सहीसारखी येणारी जी मुद्रा आहे, 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन', ती सगळ्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणावी इतक्या हळू म्हणायची. त्यातला 'द्ध' अडतीस तोंडांतून एकाच क्षणी पडायला हवा. आमचा तो दहा ठिकाणी पडायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. हळू गायचं तर शेजारच्याचं ऐकू यावं लागतं, आणि त्या हॉलमध्ये हळू गायलं की फक्त तुमचे माग ऐकू यायचे.

तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिलात ते कुणी पाहिलं नाही. पांढरा पायजमा, खांद्यावर तुमच्याच मागावरचा टॉवेल, भुवयांवर सुताची लव बसलेली. आम्हाला वाटलं भांडायला आलात, रात्री काय धिंगाणा लावलाय म्हणून. सरांनी हात खाली घेतला. तुम्ही चपला बाहेर काढल्यात. त्या हॉलमध्ये चपला कुणी काढत नाही, मालक. आम्ही गाणारेसुद्धा नाही.

"पुन्हा म्हणा," तुम्ही म्हणालात.

आम्ही म्हटलं. तुम्ही मान तिरकी करून ऐकलंत, एखाद्या मागात कुठे काय अडकतंय ते ऐकावं तसं. मग म्हणालात, "आवाज येत न्हाई. तुम्ही म्हणताय, पण माझं मशीन खातंय." आणि चपला घालून निघून गेलात.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सर काहीतरी बोलणार एवढ्यात पलीकडचा आवाज जरा विरळ झाला. वेणीतला एक पेड सुटावा तसा. मग दुसरा माग थांबला, तिसरा थांबला. मी मोजत होते, सवयच आहे मोजायची. सातवा थांबल्यावर एकटा आठवा खटक-खटक करत राहिला आणि मग तोही थांबला. कानांत शिट्टी वाजावी तशी शांतता. त्या हॉलमध्ये पंखा आहे हे मला वर्षभरात पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्या शेजारणीच्या बांगड्या ऐकू आल्या. खालच्या गल्लीत कुणीतरी तेलुगूत पोराला जेवायला हाक मारत होतं, तेही आलं.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी हात वर घेतला आणि आम्ही म्हटलं. 'द्ध' एकाच ठिकाणी पडला.

गाणं संपलं तेव्हा जिन्यावर तुमचे चार विणकर उभे होते आणि त्यांच्या मागे तुम्ही. कुणी टाळी वाजवली नाही. तुम्ही त्यांना तेलुगूत काहीतरी म्हणालात आणि पाचच मिनिटांत माग परत सुरू झाले.

मला वाटलं, एका रात्रीची मेहेरबानी. दुसऱ्या दिवशी ठीक साडेआठला माग थांबले. तिसऱ्या दिवशीही. अर्धा तास, नऊला पुन्हा सुरू. कार्यक्रमापर्यंत अशा तेवीस रात्री. तुम्ही एकदाही सांगायला आला नाहीत, की आम्ही उपकार मानावेत म्हणून जिन्यात उभे राहिला नाहीत.

मी खजिनदार बाई, माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. एक विणकर दोन माग बघतो, मजुरी नगावर. अर्धा तास माग बंद म्हणजे त्याचे टॉवेल कमी. आमच्या सुरापायी या चौघांच्या पोटाला चिमटा बसतोय की काय? शेवटी एकाला चहाच्या टपरीवर गाठून विचारलं. तो म्हणाला, "न्हाई ओ, मालक आठवड्याच्या पगारात तेवढं धरून देतंय." सूत महाग झालंय, मालाला उठाव नाही, हे त्यानेच सांगितलं. तुम्ही आमच्याकडे कधी त्याचा शब्दही काढला नव्हता.

बाकी जे केलंत ते याच्यापुढे मोठं असेल, लोकांना तेच मोठं वाटतं. मला नाही वाटत.

पैशांचं तुम्ही विचारलंत ते मात्र आठवून हसू येतं. "किती कमी पडतंय?" मी म्हटलं, खूप. "खूप म्हंजे काय आकडा हाय का? आकडा सांगा अम्मा." सांगितला. तुम्ही माझ्या हातातून तीन पावतीपुस्तकं घेतलीत, टॉवेलमध्ये गुंडाळलीत आणि नऊ दिवसांनी परत आणून दिलीत. कांडी भरणाऱ्या बायका, विडी वळणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारे जॉबर, रंगकामवाले, कन्ना चौकातला हॉटेलवाला. दहा, वीस, पन्नास, फार तर दोनशे. प्रत्येकाची वेगळी पावती, नावं सगळी तेलुगू लिपीत, मला एकही वाचता येईना. मी म्हटलं, दहा रुपयांना कशाला पावती फाडायची, एकत्र लिहिली असती. तुम्ही जरा रागानेच म्हणालात, "त्यांनी देणगी दिलंय. कागद न्हाई दिला तर भीक होतंय ना."

तेवीस हजार चारशे साठ. खरं सांगायचं तर तेवढ्याने भागणार नव्हतंच. पण त्यानंतर मी जिथे गेले तिथे ती तीन पुस्तकं टेबलावर ठेवली आणि गप्प बसले. एका डॉक्टरांनी ती बराच वेळ चाळली, दहा रुपयांच्या पावतीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, कांडीवाली. त्यांनी चेकबुक काढलं. शाळेतल्या शिक्षकांनी दिले, टॉवेलच्या दोन दुकानांनी दिले, निवृत्त रेल्वेवाल्यांच्या एका कट्ट्याने आपल्या सहलीचे पैसे दिले. जानेवारी सरताना वहीत एक लाख एक्याण्णव हजार होते.

ऑडिटरने नावं मराठीत मागितली तेव्हा तुमची नात तीन संध्याकाळी माझ्याशेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवत होती आणि मी देवनागरीत उतरवत होते. मधेच थांबून सांगायची, ही आमच्या मागच्या गल्लीतली, हिचा मुलगा पुण्याला असतो. बाळ, हे तू वाचत असशील तर तुझेही आभार. तुझ्या आजोबांसमोर म्हटलं तर ते विषय बदलतील.

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि सकाळचा भोंगा वाजेनासा झाला तेव्हा मी नववीत होते. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने त्यानंतर कित्येक महिने वहीवर माल दिला. तगादा सोडाच, मी पिशवी घेऊन गेले की "काय बे पोरी, अभ्यास करतीस का न्हाई?" एवढंच विचारायचा. त्याने ती वही पुढे कुणाला दाखवली नाही की कुठे बोलला नाही. वडिलांनी नंतर सगळं फेडलं, तेव्हाही त्याने मोजून घेतलं नाही म्हणे, तसंच गल्ल्यात टाकलं. तुम्हाला पाहिलं की मला तो आठवतो. अशा माणसांच्या जिवावर हे गाव चालतं आणि फ्लेक्सवर फोटो भलत्यांचेच लागतात. जाऊ दे. हे लिहायचं ठरवलं नव्हतं.

कार्यक्रमाचं तुम्ही पाहिलंतच. हुतात्मा स्मृती मंदिरात तुमच्यासाठी पुढच्या रांगेतली जागा राखली होती आणि तुम्ही विणकरांबरोबर पार मागे जाऊन बसलात. ते एक्कावन्न हजारवाले मात्र पहिल्या रांगेत होते, पास मागून घेतला होता. मध्यंतराला गेले.

वचन आलं तेव्हा डोळ्यांवर दिवे होते, मला कुणी दिसत नव्हतं. वाद्यं थांबली, चेलो राहिला, सभागृह गपगार. आणि मालक, एवढी शांतता असूनही मला आत कुठेतरी आठ माग एकेक करून थांबल्याचं ऐकू येत होतं. मी त्याच्यावरच सूर धरला. शेजारणीचा गांधार माझ्या कानाशी होता आणि मी माझ्या षड्जावरून तसूभर हलले नाही. तिने नंतर विंगेत माझा हात दाबला. पाय नव्हे, हात.

तुम्हाला काय द्यावं यावर आमची चांगली तासभर सभा झाली. टॉवेल विणणाऱ्याला चादर पांघरायची हे कुणालाच बरं वाटेना. तुम्हालाच विचारलं तर तुम्ही गाण्याची फाइल मागितलीत, कारखान्यात लावायला. मागांच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हटलं, तर म्हणालात, "माहीत हाय की. पाळी सुटताना लावतो."

त्यावरूनच सुचलं. सोमवारपासून आमची तालीम परत सुरू होतेय आणि वेळ आम्ही बदलली आहे. रात्री आठला तुमच्याकडे पाळी बदलते, माग पुसायचे, तेल द्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं सगळं थांबलेलंच असतं. हळू म्हणायच्या सगळ्या जागा आम्ही तेवढ्यात बसवल्या आहेत. पावणेआठलाच येऊन गळे तापवून तयार राहू. माग सुरू झाले की आम्ही जलद गाणी घेऊ. तेव्हा आता साडेआठला स्विचकडे उठून जाऊ नका. आणि आठला विणकर रिकामे असतील तर त्यांना वर पाठवा, जिन्यावर नको, आत. मागच्या रांगेला चार खुर्च्या लावून ठेवते.

तुमची,
अम्मा
(खजिनदार, आल्टो, दुसरी रांग)